आइस कोअरच्या ग्राफमधली आडवी रेघ: बर्फातली वर्षं मोजली कुणी?

आइस कोअर म्हणजे ध्रुवांकडच्या बर्फात ड्रिल करून काढलेला बर्फाचा लांबलचक दांडा. त्यावरून काढलेला आठ लाख वर्षांचा तो ग्राफ बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेला असतो, ज्यात कार्बन डायऑक्साइड आणि तापमान जोडीने वरखाली होताना दिसतात. भांडणं सगळी त्या वरखाली जाणाऱ्या रेषांवरून. खाली आडव्या रेघेवर जी वर्षं लिहिलेली असतात ती कुणी ठरवली हे सहसा कुणी विचारत नाही, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे, कारण बर्फावर तारीख छापलेली नसते आणि ती शोधायचं काम जवळपास शंभर वर्षं चाललंय.

सुरुवात ग्रीनलंडमध्ये झाली. 1930 साली आल्फ्रेड वेगेनरच्या (हो, खंड सरकतात म्हणणारा तोच) मोहिमेने बर्फाच्या मधोमध आयस्मिटे नावाचा तळ टाकला आणि तिघे जण बर्फातच खोदलेल्या गुहेत हिवाळाभर राहिले, त्यातल्या लोव्हेच्या पायाची बोटं हिमदंशाने गेली ती गेओर्गीने खिशातल्या चाकूने कापली, अशी एकूण परिस्थिती. तिसरा अर्न्स्ट झोर्गे. तो त्या अंधारात हाताने 15 मीटर खोल खड्डा खणत बसला, थराथराची घनता मोजत गेला, आणि त्याला दिसलं की उन्हाळ्याचा थर कुठला, हिवाळ्याचा कुठला हे वेगळं काढता येतं. म्हणजे वर्षं मोजता येतात. वेगेनर मात्र याच तळावर येऊन परत जाताना वाटेत वारला.

पण खोल गेलं की थर दाबून दाबून इतके पातळ होतात की घनतेवरून काही कळत नाही. इथे डॅनिश शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड येतो. जून 1952, कोपनहेगन, पाऊस चालू आणि या माणसाने घराच्या बागेत बिअरच्या बाटलीला नरसाळं लावून पाणी गोळा केलं. लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटर (हलके-जड अणू वेगळे मोजणारं यंत्र) होताच. पाण्यात जड ऑक्सिजन (ऑक्सिजन-18) किती हे ढगाच्या तापमानावर ठरतं हे त्याच्या लक्षात आलं. 1954 मध्ये त्याने लिहून टाकलं की हेच ग्रीनलंडच्या बर्फात मोजलं तर जुनं हवामान कळेल. उन्हाळ्याच्या बर्फात जड ऑक्सिजन जास्त, हिवाळ्याच्या बर्फात कमी, त्यामुळे एकाच मोजणीत तापमानही मिळतं आणि वर्षंही.

बर्फ मात्र मिळाला अमेरिकन आर्मीकडून. ग्रीनलंडमधला त्यांचा तळ कँप सेंच्युरी म्हणजे बर्फाखाली बोगद्यांत वसवलेलं गावच, छोट्या अणुभट्टीवर चालणारं. बाहेर सांगायचे संशोधन केंद्र आहे, आतला प्लॅन होता शेकडो अणुक्षेपणास्त्रं बर्फात लपवायचा. बर्फ सरकत असल्याने बोगदे चेपायला लागले, प्लॅन बारगळला, पण ड्रिलिंगवाले टिकून राहिले आणि 1966 मध्ये 1387 मीटरवर थेट तळाला लागले. डान्सगार्डचा त्या ड्रिलिंगशी काही संबंध नव्हता, त्याने तो कोअर ज्याच्या ताब्यात होता त्या अमेरिकन चेस्टर लँगवेकडे नमुने मागितले आणि ते मिळाले. 1969 चा पेपर, सुमारे एक लाख वर्षांचं हवामान एका कोअरमधून. जबरदस्त काम, पण खालच्या भागातली वर्षं मोजलेली नव्हती, बर्फ कसा वाहत आणि पातळ होत गेला असेल याचं गणित मांडून काढलेली होती.

मोजणी पक्की करायला बाहेरचा साक्षीदार लागतो. डान्सगार्डचा सहकारी क्लाउस हॅमरने दाखवलं की कोअरवरून दोन इलेक्ट्रोड फिरवले तर आम्ल असलेल्या थरात करंट वाढतो, आणि आम्ल येतं ज्वालामुखीतून. आइसलँडचा लाकी 1783 मध्ये फुटला हे लेखी नोंदींत आहे, म्हणजे तो थर सापडला की तारीख पक्की. उलटंही झालंय, 1257-58 च्या सुमाराचा प्रचंड मोठा आम्लाचा थर दोन्ही ध्रुवांवर सापडला होता आणि तो कुठल्या ज्वालामुखीचा हे कळायला 2013 उजाडलं (इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा सामालास).

नव्वदच्या दशकात युरोपियनांनी ग्रिप आणि अमेरिकनांनी गिस्प-टू असे दोन कोअर ग्रीनलंडमध्ये जेमतेम 30 किलोमीटर अंतरावर काढले, दोन्ही तीन किलोमीटरपेक्षा खोल, मुद्दाम एकमेकांना तपासायला. वरचा नव्वद टक्के भाग मस्त जुळला. खालचा नाही, तळाशी बर्फाला घड्या पडल्या होत्या. मग नॉर्थग्रिप नावाचा आणखी एक कोअर झाला, 2003 मध्ये तळ गाठला, आणि त्यावर 60,000 वर्षांपर्यंत एकेक थर मोजून कॅलेंडर बनवलं गेलं. आपण ज्या होलोसीन काळात (गेल्या हिमयुगानंतरच्या) राहतो त्याची अधिकृत सुरुवातच या कोअरमध्ये 1492.45 मीटरवर ठरवलीय, 2000 सालाच्या आधी 11,700 वर्षं, चूक 99 वर्षांपर्यंत असू शकते.

आणि या एवढ्या काळजीने केलेल्या कॅलेंडरमध्ये गडबड निघाली. आयरिश झाडांची वर्तुळं मोजणारे माइक बेली 2008 मध्ये म्हणाले की तुमचे सहाव्या शतकातले ज्वालामुखी सात वर्षं आधी पडतायत, झाडं 536 ला गारठलेली दिसतात आणि तुमचं आम्ल 529 ला. साहजिकच बर्फवाले काही लगेच मान्य करणार नव्हते. पण 2012 मध्ये जपानच्या देवदारांच्या वर्तुळांत 774-75 सालचा किरणोत्सारी कार्बनचा अचानक उसळलेला आकडा सापडला, अवकाशातून आलेल्या कणांच्या माऱ्याचा, आणि तसाच मारा बर्फात बेरिलियम-10 च्या (अशाच कणांमुळे हवेत बनणाऱ्या अणूच्या) रूपात दिसायला हवा. दिसला, पण 768 ला! 2015 मध्ये मायकेल सिगल आणि मंडळींनी कॅलेंडर दुरुस्त केलं. झालं काय होतं, तर एका थराला व्हेसुव्हियसचा इ.स. 79 चा स्फोट समजून तिथे खुंटी ठोकलेली, आणि तो थर व्हेसुव्हियसचा नव्हताच.

अंटार्क्टिकाचं दुखणं वेगळंय. आतल्या पठारावर बर्फ इतका कमी पडतो (वर्षाला पाण्याच्या हिशोबात दोन-तीन सेंटीमीटर) की थर मोजणं विसरा. तिथे वाहण्याचं गणित, पृथ्वीच्या कक्षेची चक्रं, चुंबकीय ध्रुव उलटे झाल्याच्या खुणा असं सगळं जुळवून वर्षं काढतात. वर अजून एक त्रास: कार्बन डायऑक्साइड मोजतात बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतल्या हवेतून, आणि ही हवा तिच्या भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असते, कारण वरचे साठ-शंभर मीटर बर्फ भुसभुशीत असतो, हवा आतबाहेर करते आणि खोलवर गेल्यावरच कोंडली जाते. हा फरक काही हजार वर्षांचा असू शकतो. "आधी तापमान वाढलं, कार्बन डायऑक्साइड 800 वर्षांनी मागून आला" हे वाक्य नेटवर किती वेळा वाचलंय, पण अशा तुलनेत या फरकाचा अंदाज किती बरोबर आहे यावर बरंच काही अवलंबून असतं. 2013 मध्ये फ्रेडरिक पारनँ आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) वापरून तो फरक नव्याने काढला, तर गेल्या हिमयुगाच्या शेवटी अंटार्क्टिकात दोन्ही जवळपास एकत्रच वाढलेले निघाले.