अर्ध्या रोस्सीचे २६१ कोटी

मे १९७८. मिलानमध्ये इटालियन फुटबॉल लीगच्या कार्यालयात दोन सीलबंद पाकिटं फोडली गेली. एकातला आकडा युव्हेंटस या तुरीनच्या बड्या क्लबचा होता, ८७ कोटी ५० लाख लिरा. दुसरं पाकीट विचेन्झा या छोट्या क्लबचा अध्यक्ष जुझेप्पे फारिना याचं. त्यात लिहिले होते २६१ कोटी लिरांपेक्षा जास्त. युव्हेंटसच्या जवळजवळ तिप्पट. आणि हे पैसे अख्ख्या खेळाडूचे नव्हते, अर्ध्याचे होते.

खेळाडूचं नाव पाओलो रोस्सी, वय २१. हल्ली रोस्सी म्हटलं की आपल्याकडे मोटारसायकलवाला व्हॅलेंटिनो आठवतो, पण इटलीत हे आडनाव आपल्या पाटलांइतकं सर्रास. फुटबॉलवाल्या रोस्सीबद्दल काहीही वाचायला घ्या, गोष्ट जुलै १९८२ च्या त्या आठवड्यापासून सुरू होते. सात दिवस, तीन सामने, सहा गोल आणि विश्वचषक. तो आठवडा येईलच पुढे. पण मला वाटतं, रोस्सी समजून घ्यायचा तर सुरुवात पाकिटापासून करायला हवी. त्या दिवसापासून त्याची किंमत सतत कोणी ना कोणी ठरवत राहिलं, आणि बहुतेक वेळा ती चुकत गेली.

आधी या अर्ध्याची भानगड. इटलीत तेव्हा खेळाडूची सहमालकी चालायची. मोठ्या क्लबने पोरगा घ्यायचा, त्याला तयार करायला लहान क्लबकडे द्यायचा आणि मालकी निम्मी-निम्मी ठेवायची. जमीन अर्धेलीने कसायला द्यावी, तसंच. मुदत संपली आणि दोघांचं जमलं नाही, की प्रत्येकाने आपला आकडा पाकिटात घालून द्यायचा. ज्याचा मोठा, त्याचा खेळाडू. खेळाडूला कोणी विचारत नसे. करार संपला तरी तो क्लबला बांधलेलाच राही. खेळाडू हा नोकरदार आहे आणि त्याला बांधून ठेवता येणार नाही, हे इटलीच्या कायद्यात यायला १९८१ उजाडलं. सहमालकीची पद्धत तर त्यानंतरही तीसेक वर्षं टिकली. आयपीएलच्या लिलावात निदान हात वर होताना दिसतात. इथे समोरचा किती लिहितोय, याचा नुसता अंदाज बांधायचा. फारिनाचा अंदाज भलताच चुकला. निम्म्या पैशांतही त्याला रोस्सी मिळाला असता.

देशात गहजब झाला. महागाईने आणि राजकीय हिंसेने तो देश तेव्हा पोळून निघालेला. त्याच महिन्यात माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह रोममध्ये एका गाडीत सापडला होता. अशा वेळी फुटबॉलपटूच्या अर्ध्या मालकीसाठी कोट्यवधींची उधळण! फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष फ्रांको कारारो यांनी निषेध म्हणून पद सोडलं. फारिनाला काही त्याचं वाटलं नाही. रोस्सी म्हणजे आपल्या फुटबॉलची मोनालिसा, असं तो म्हणत राहिला.

मोनालिसाचे गुडघे मात्र अधू होते. रोस्सीचा जन्म २३ सप्टेंबर १९५६ चा, तोस्कानातल्या प्रातो गावाजवळ सांता लुचियाचा. प्रातो म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. युव्हेंटसने त्याला कोवळ्या वयातच तुरीनला नेलं आणि विशीच्या आतच त्याच्या गुडघ्यांवर तीन शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळी दुर्बिणीतून करायची शस्त्रक्रिया सर्रास नव्हती. कूर्चा फाटली की गुडघा उघडायचा आणि ती काढूनच टाकायची. १९७५ मध्ये त्याला कोमो क्लबकडे उसना पाठवलं. तिथे थोडेसे सामने मिळाले, गोल एकही नाही. युव्हेंटसच्या लेखी हा पोरगा जवळपास निकालात निघालेला होता.

१९७६ मध्ये तो विचेन्झाला आला. क्लबचं नाव तेव्हा लानेरोस्सी विचेन्झा. लानेरोस्सी ही लोकरीची गिरणी; तिच्या नावातल्या रोस्सींचा आणि या रोस्सीचा काही संबंध नाही, नुसता योगायोग. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स यांच्या टीम ज्यांना आठवतात, त्यांना गिरणीच्या नावाचा क्लब परका वाटायचा नाही. क्लब दुसऱ्या विभागात होता. प्रशिक्षक जोव्हान बातिस्ता फाब्री यांनी एक साधा बदल केला. उजव्या बगलेवर धावणारा हा सडपातळ मुलगा त्यांनी उचलून मध्ये, गोलसमोर आणून ठेवला.

सेंटर फॉरवर्ड म्हणजे धिप्पाड, खांद्याने बचावपटूला बाजूला सारणारा गडी, अशी तेव्हाची समजूत. रोस्सी जेमतेम १७४ सेंटिमीटरचा, हाडकुळा. ताकद नाही, फटक्यात दम नाही, डोळे दिपवणारं ड्रिब्लिंग नाही. त्याच्याकडे काय होतं, ते त्याच्या जुन्या चित्रफितींत बॉलकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघत बसलं की कळतं. बचावपटूच्या पाठीमागे उभा राहून तो आधी एक पाऊल उलटं टाकतो. बचावपटू मान वळवून खात्री करतो, आहे ना मागे. आणि तो पुन्हा बॉलकडे वळला, की त्या अर्ध्या सेकंदात रोस्सी त्याच्या पुढे आलेला असतो. मग उरतो तो नुसता स्पर्श. पहिल्या हंगामात २१ गोल, विचेन्झा पहिल्या विभागात. पुढच्या हंगामात सेरी आमध्ये, म्हणजे त्याच पहिल्या विभागात, सर्वाधिक २४ गोल आणि नुकताच वर चढलेला हा क्लब युव्हेंटसपाठोपाठ दुसरा. त्यानंतरचीच ती पाकिटं.

त्या उन्हाळ्यात अर्जेंटिनातल्या विश्वचषकात त्याने तीन गोल केले, इटली चौथी आली, आणि रोस्सीचा ‘पाब्लितो’ (पाओलोचं स्पॅनिश लाडकं रूप) झाला. परत आल्यावर मात्र वर्षभरातच सगळं घसरलं. गुडघ्याने पुन्हा कुरकुर सुरू केली, तरी त्याने १५ गोल केले. पण सगळी पुंजी एकाच्या पायात गुंतवलेला विचेन्झा दुसऱ्या विभागात कोसळला.

१९७९ मध्ये रोस्सी उसना गेला पेरुजा क्लबकडे. आदल्या हंगामात पेरुजा एकही सामना न हरता दुसरी आली होती. रोस्सीचं भाडं भरायला पैसा हवा, म्हणून क्लबने छातीवर एका पास्ता कंपनीचं नाव घातलं. जर्सीवर जाहिरातीला बंदी होती. त्यावर तोडगा म्हणून त्याच नावाची खेळाच्या कपड्यांची कंपनी काढली आणि कपड्यावर कपडेवाल्याचं नाव असणारच, असा युक्तिवाद केला. इटालियन जुगाडही आपल्या तोडीचा असतो! सेरी आमध्ये छातीवरच्या प्रायोजकाची सुरुवात इथून झाली.

आणि मग आली ३० डिसेंबर १९७९ ची आवेल्लिनो विरुद्ध पेरुजा लढत. निकाल २-२, पेरुजाचे दोन्ही गोल रोस्सीचे.

आदल्या दिवशी पेरुजाचा संघ समुद्रकाठच्या एका हॉटेलात उतरला होता. रोस्सीने आयुष्यभर जी हकिकत सांगितली ती अशी. तो इतरांबरोबर तंबोला खेळत बसला होता (हा तोच आपला तंबोला, शब्द मुळी इटलीचा). संघातल्या एका सहकाऱ्याने हाक मारली, दोघांशी ओळख करून दिली. दोन मिनिटं बोलणं झालं, बरोबरीचा विषय निघाला, आणि तो परत आपल्या तिकिटापाशी जाऊन बसला. पुढे तक्रार करणाऱ्यांच्या सांगण्यानुसार, त्या दोन मिनिटांत निकाल ठरवण्याचा सौदा झाला होता.

इटलीत सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायचा अधिकृत खेळ होता, तोतोकाल्चो. त्याचा बेकायदा जुळा भाऊ तोतोनेरो, म्हणजे काळा तोतो. मटका ज्यांना माहीत आहे त्यांना आणखी समजवायला नको. रोमचा फळभाज्यांचा घाऊक व्यापारी मास्सिमो क्रुचानी आणि हॉटेलवाला आल्व्हारो त्रिंका या दोघांनी खेळाडूंना पैसे चारून निकाल ठरवायचा उद्योग केला. ठरलेले निकाल लागेनात, दोघं कर्जात बुडाले. मार्च १९८० मध्ये ते सरळ सरकारी वकिलांकडे गेले आणि तक्रार दिली की खेळाडूंनी आम्हाला फसवलं! चोराने ‘चोरीचा माल खोटा निघाला’ म्हणून पोलीस चौकी गाठावी, तसला प्रकार. २३ मार्चला सामने संपता संपता पोलीस स्टेडियममध्ये शिरले. मैदानाभोवतीच्या ट्रॅकवर उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाड्या लोकांनी टीव्हीवर पाहिल्या. काही खेळाडूंना तिथूनच उचललं. रोस्सीला अटक झाली नाही, चौकशीला हजर राहण्याची नोटीस मिळाली.

मिलान आणि लात्सिओ या क्लबांना शिक्षा म्हणून खालच्या विभागात ढकललं. रोस्सीला तीन वर्षांची बंदी, अपिलात ती दोन वर्षांवर आली. फौजदारी खटल्यात आरोपी सुटले, कारण खेळातली फसवणूक हा गुन्हाच तेव्हा कायद्यात नव्हता. तो १९८९ मध्ये आला. म्हणजे न्यायालयाने सोडलं, फुटबॉल संघटनेने नाही. रोस्सी शेवटपर्यंत सांगत राहिला की त्याने काहीही केलेलं नाही. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पण त्या दोन मिनिटांनंतर त्याने कोणाला काही कळवलंही नाही, हेही खरंच. त्याच्यासारख्या मुलाने सहकाऱ्याची चहाडी करावी, अशी त्या ड्रेसिंग रूममध्ये कोणाची अपेक्षाही नसणार.

बंदीतच १९८० ची युरोपियन स्पर्धा गेली, तीही इटलीतच भरलेली. यजमानांनी चार सामन्यांत दोन गोल केले. राष्ट्रीय प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत पाइप ओढत ते बघत होते. मला वाटतं, १९८२ ची संघनिवड त्यांनी तिथेच मनाशी पक्की केली असावी.

युव्हेंटसने १९८१ मध्ये रोस्सीला परत घेतलं, बंदी चालू असतानाच. एकेकाळी ८७ कोटींच्या वर ज्याच्यासाठी जायला ते तयार नव्हते, त्याच्यासाठी आता न खेळण्याचा पगारही मोजला. एप्रिल १९८२ च्या अखेरीस बंदी संपली. हंगामाचे तीन सामने उरले होते, त्यांत एक गोल. एवढ्या शिदोरीवर बेआर्झोतनी त्याला स्पेनला नेलं, आणि लागोपाठ दोन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या रोमाच्या रॉबेर्तो प्रुत्सोला घरी ठेवलं. वर्तमानपत्रांनी बेआर्झोतना सोलून काढलं.

व्हिगो शहरातले पहिले तीन सामने म्हणजे नुसतं रडगाणं. पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. पेरूविरुद्ध मध्यंतरालाच रोस्सीला बाहेर बसवलं. पायात जोर नाही, बॉल येईपर्यंत हा भलतीकडेच. पत्रकारांनी बोनसच्या रकमा काढल्या, रोस्सी आणि बचावपटू काब्रिनी एका खोलीत राहतात यावरून थट्टा सुरू केली. शेवटी खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. बोलायचं ते फक्त कर्णधार दिनो झोफने, आणि झोफ तर मुळातच अबोल.

दुसऱ्या फेरीत अर्जेंटिनाला २-१ हरवलं, त्यातही रोस्सीचा गोल नाही. चार सामने, शून्य गोल. आणि ५ जुलैला बार्सेलोनाच्या सारिया मैदानावर समोर ब्राझील: झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो. त्यांना बरोबरीही पुरेशी होती.

पाचव्या मिनिटाला काब्रिनीने डावीकडून उंच बॉल टाकला. सगळे बॉलकडे बघत होते, रोस्सी लांबच्या टोकाला मोकळा, हेडर, गोल. सॉक्रेटिसने बरोबरी केली. पंचविसाव्या मिनिटाला सेरेझोने आपल्याच भागात आडवा, निवांत पास दिला. कोणालाच तो आपला वाटला नाही. रोस्सीला वाटला. ६८ व्या मिनिटाला फाल्कावने २-२ केलं, म्हणजे पुन्हा ब्राझील पुढे जाणार. ७४ व्या मिनिटाला इटलीचा कॉर्नर, अर्धवट बाहेर आलेला बॉल, तार्देल्लीचा फारसा बरा नसलेला फटका, आणि मध्ये रोस्सीचा पाय. ब्राझीलचा बचावपटू ज्युनियर गोलरेषेजवळ एक हात वर करून ऑफसाइड मागतोय, आणि रोस्सीला ऑनसाइड ठेवणारा तो स्वतःच. शेवटच्या मिनिटांत चाळिशीच्या झोफने ब्राझीलच्या ऑस्करचं हेडर रेषेवर दाबून धरलं. ३-२.

पुढचं पटकन सांगता येतं. उपांत्य सामन्यात पोलंडविरुद्ध दोन्ही गोल त्याचे. ११ जुलैला माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध ३-१, पहिला गोल त्याचा. स्पर्धेत सर्वाधिक गोल, सर्वोत्तम खेळाडू, वर्षअखेर बॅलन डी’ओर. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी, बेआर्झोत, झोफ आणि काउझिओ पत्ते कुटत बसले होते, मध्ये टेबलावर चषक. तो फोटो इटलीत आजही घरोघरी ओळखीचा आहे.

गोल करण्यातली ती तेज धार मात्र पुन्हा तशी दिसली नाही. युव्हेंटसबरोबर लीगची दोन विजेतेपदं, युरोपियन कप विनर्स कप, आणि १९८५ चा युरोपियन कप, जो हेझेल स्टेडियममधल्या ३९ मृत्यूंमुळे कोणाला मिरवावासा वाटत नाही. मग तो मिलानला गेला. तिथला अध्यक्ष कोण? जुझेप्पे फारिना. मोनालिसाला त्याने दुसऱ्यांदा घरी आणलं, आणि काही महिन्यांतच कर्जबाजारी क्लब उद्योगपती बर्लुस्कोनींच्या हाती गेला. १९८७ मध्ये, वेरोनातल्या एका हंगामानंतर, तिशीतच रोस्सी थांबला. गुडघे संपले होते. इटलीसाठी ४८ सामने, २० गोल. त्यांतले नऊ विश्वचषकातले.

९ डिसेंबर २०२० ला तो कर्करोगाने गेला, ६४ वर्षांचा होता. मॅराडोनाला जाऊन दोनच आठवडे झाले होते. अंत्यविधी तुरीनला नाही, विचेन्झाच्या कॅथेड्रलमध्ये झाला. आदल्या दिवशी शवपेटी क्लबच्या मेंती मैदानावर ठेवली होती आणि मास्क लावलेले लोक अंतर राखून रांगेत पुढे सरकत होते. शवपेटीला खांदा १९८२ च्या सोबत्यांनी दिला, तार्देल्ली, काब्रिनी, अंतोन्योनी. ते तिथे असताना तिकडे तोस्कानात रोस्सीच्या घरात चोर शिरले होते. अंत्यविधीहून परतलेल्या त्याच्या बायकोला ते घरी गेल्यावर कळलं.