अप्रेंटिस की ट्रेनी? पत्र हातात आलं की आधी हे बघा

आयटीआयचा निकाल लागला की पलूस, तासगाव, विट्याकडच्या मुलांचे फोन सुरू होतात. ‘सर, अप्रेंटिस लागलो.’ मी आधी एकच विचारतो, ‘कॉन्ट्रॅक्ट नंबर आला का?’ मागं फिटर ट्रेडच्या एका मुलानं उत्तरादाखल पत्राचा फोटो पाठवला. लेटरहेड ठेकेदाराचं, पद ‘ट्रेनी’, मुदत अकरा महिने. कंपनीचं नाव फक्त कामाचं ठिकाण म्हणून. घरी पेढे वाटून झाले होते.

गेटमधून आत जाताना दोघं सारखेच दिसतात. तोच गणवेश, तेच बूट. फरक कागदात आहे.

अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या कायद्यातला शिकाऊ उमेदवार. कंपनी आणि मुलगा यांच्यात करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदला जातो (त्याचाच नंबर म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नंबर) आणि ट्रेड त्यात लिहिलेला असतो. आयटीआय पास मुलासाठी २०१९ च्या नियमांनी किमान ७,७०० रुपये विद्यावेतन ठरवलं. मुदत संपली की परीक्षा, आणि पास झालं की एनएसी, म्हणजे अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. आयटीआयतून मिळतं ते एनटीसी, म्हणजे ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. ही दोन प्रमाणपत्रं वेगळी आहेत, पण पुष्कळ पालक एकच समजतात.

ट्रेनी हे पद कंपनी किंवा ठेकेदार देतो. त्यामागं नोंदलेला करार नसतो, एनएसी नसतं. काही कंपन्या ट्रेनी म्हणून घेऊन मुलांना चांगलं शिकवतात, पुढं कायमही करतात. पण वेल्डर पॅकिंगला उभा केला तर तो दाद कशाच्या आधारावर मागणार? पत्रात ट्रेडच नसतो.

पैसे मात्र ट्रेनीला बहुतेक वेळा जास्त पडतात, आणि घरी सोसायटीचं कर्ज असेल तर त्या फरकाला फार वजन असतं. म्हणून ट्रेनी झालेल्या मुलाला मी कधी नावं ठेवत नाही. फक्त ते जादाचे पैसे कसे येतात ते बघायला सांगतो. बरेचदा ते ओव्हरटाइमचे असतात. अप्रेंटिसला सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम देता येत नाही, नगावर पैसे तर देताच येत नाहीत. हात शिकावा, नग मोजत बसू नये, म्हणून कायद्यानं ही आडकाठी घातली आहे.

पीएफवरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ लागू नाही, त्यामुळं तो कापला नाही म्हणून फसवलं असं होत नाही. ठेकेदारामार्फत मशीनवर असलेल्या मुलाचं तसं नाही. त्यानं यूएएन, म्हणजे पीएफचा आपला नंबर, मागितलाच पाहिजे.

आता शिकण्याचं. आमच्याकडं नुसतं ‘कारखाना’ म्हटलं की साखर कारखाना. गाळप चालू असताना फिटर पोराला फारसं काही उघडायला मिळत नाही, मिल थांबवणं परवडत नाही. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की खरी शाळा भरते. रोलर वर काढतात, बेअरिंग बघतात, पंप खोलतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात. वर्षभराच्या अप्रेंटिसला हंगाम आणि दुरुस्ती दोन्ही मिळतात. हंगामापुरता घेतलेला पोरगा नेमका दुरुस्तीच्या वेळी घरी असतो. याचं मला फार वाईट वाटतं.

जागा जवळ नाहीत असंही नाही. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीपर्यंतच नजर थांबवू नका. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के, आणि त्या मोजणीत कंत्राटी माणसंही धरतात. कुपवाड, मिरज, पलूसच्या एमआयडीसीतल्या कितीतरी मध्यम फाउंड्र्या आणि मशीनशॉप यात बसतात. शिवाय एसटीची कार्यशाळा आणि महावितरण आहेच.

अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही, हे घरच्यांना आधीच सांगावं. एनएसीचा उपयोग पुढं होतो. रेल्वेच्या लेव्हल १ च्या थेट भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित अप्रेंटिसला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. ट्रेनीच्या अनुभवपत्राला असा आधार नाही.

पत्राबद्दल शंका असेल तर बीटीआरआय, म्हणजे सरकारच्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात नेऊन दाखवा. अप्रेंटिसचं काम तिथूनच बघितलं जातं. सही करायच्या आधी गेलात तर उत्तम.

तो फिटर मुलगा अजून ठेकेदाराकडंच आहे, घरी गरज आहे. यूएएन मात्र त्यानं मागून घेतला, आणि पोर्टलवर नाव नोंदवलंय.