डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषद नव्हे

४ मे २०२३ रोजी इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या आणि पूर्व किनाऱ्याकडच्या सफोक भागातून एक वेगळी बातमी आली. मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या ३४ पैकी २४ जागा पर्यावरणवादी ग्रीन पार्टीने जिंकल्या. हुजूर पक्ष ६ वर आला, लिबरल डेमोक्रॅटना ४ मिळाल्या. ब्रिटनमधल्या कुठल्याही कौन्सिलमध्ये ग्रीन पार्टीला स्वतःच्या बळावर बहुमत मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

ही बातमी मराठीत सांगायला बसलं की हात आपोआप 'मिड सफोक जिल्हा परिषद' असं लिहून मोकळा होतो. डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा, कौन्सिल म्हणजे परिषद, मग चुकलं कुठे? चुकलं असं की या भाषांतराने वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतीच संस्था उभी राहते. शाळा, रस्ते आणि मोठी तिजोरी हाती असलेली आपली झेडपी. मिड सफोकच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे यातलं जवळपास काहीच नाही. ते सगळं सफोक काउंटी कौन्सिलकडे आहे, आणि ती काउंटी कौन्सिल त्या मे महिन्यात हुजूर पक्षाच्याच ताब्यात होती. तिची निवडणूक त्या दिवशी नव्हतीच.

माणसं तीच, गावं तीच, पण कौन्सिलं दोन आणि निकालही दोन. इंग्लंडच्या अशा ग्रामीण भागातला कुठलाही स्थानिक निकाल वाचताना हा फरक डोक्यात पक्का नसेल, तर कोण जिंकलं हे कळतं पण काय जिंकलं ते कळत नाही.

आधी आकारमान पाहू. सफोक ही काउंटी, लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत साधारण ७ लाख ६० हजार. तिच्या पोटात पाच डिस्ट्रिक्ट-बरो (बरो हे काही डिस्ट्रिक्टना मिळालेलं मानाचं नाव): इप्सविच, ईस्ट सफोक, वेस्ट सफोक, बाबर्ग आणि मिड सफोक. मिड सफोकची लोकसंख्या १ लाखाच्या किंचित वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. स्टोमार्केट हे त्यातलं सगळ्यात मोठं गाव. नीडम मार्केट आणि आय ही आणखी दोन छोटी गावं, बाकी सगळी शेतं आणि खेडी. मिड सफोक नावाचं गाव शोधायला गेलात तर सापडणार नाही. १९७२ च्या कायद्याने जुन्या नगरपालिका आणि ग्रामीण डिस्ट्रिक्ट एकत्र करून १ एप्रिल १९७४ पासून हा डिस्ट्रिक्ट तयार केला आणि नाव नकाशावरच्या जागेवरून दिलं.

तेव्हा आपल्या मापाने बघायचं तर काउंटी कौन्सिल जिल्हा परिषदेच्या जागी, डिस्ट्रिक्ट कौन्सिल पंचायत समितीच्या जागी आणि सगळ्यात खालची पॅरिश कौन्सिल ग्रामपंचायतीच्या जागी येते. आकारापुरतं हे माप बरोबर आहे. अधिकारांच्या बाबतीत मात्र ते तोकडं पडतं. आपली पंचायत समिती बऱ्याच अंशी जिल्हा परिषदेच्या छायेत काम करते, स्वतःची वेगळी घरपट्टी ती लावत नाही. इंग्लंडमधली डिस्ट्रिक्ट कौन्सिल काउंटीच्या हाताखाली नसते. तिला कायद्याने नेमून दिलेली कामं तिची स्वतःची, कराचा हिस्साही स्वतःचा. काउंटीचा नेता डिस्ट्रिक्टच्या नेत्याला हुकूम सोडू शकत नाही. म्हणून भाषांतर न करता 'डिस्ट्रिक्ट कौन्सिल' आणि 'काउंटी कौन्सिल' हेच शब्द ठेवावेत असं माझं ठाम मत आहे.

आता कामांची वाटणी. काउंटीकडे रस्ते, शाळा, म्हाताऱ्या माणसांची आणि अपंगांची देखभाल, निराधार मुलांचा सांभाळ, ग्रंथालयं, आणि सफोकमध्ये अग्निशमन दलसुद्धा. डिस्ट्रिक्टकडे घर बांधायची परवानगी, बेघरांची सोय आणि कौन्सिलची भाड्याची घरं, हॉटेलांच्या स्वच्छतेची तपासणी, दारूचे परवाने, मतदार याद्या, आणि दारातला कचरा.

कचऱ्याचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण दोन्ही कौन्सिलांमधली सीमारेषा अक्षरशः एका बिनच्या झाकणावरून जाते. रस्त्याच्या कडेला चाकांचा बिन ठेवला की तो उचलून नेण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टची. गाडी भरली की त्या कचऱ्याचं पुढे काय करायचं ते मात्र काउंटी ठरवते. सफोकमधला न वर्गीकृत झालेला कचरा ग्रेट ब्लेकनम इथल्या प्रकल्पात जाळून त्यापासून वीज करतात. हा प्रकल्प २०१४ मध्ये काउंटी कौन्सिलच्या कंत्राटातून सुरू झाला. आणि ग्रेट ब्लेकनम हे गाव आहे मिड सफोक डिस्ट्रिक्टमध्येच. म्हणजे ग्रीन पार्टीच्या हाती आलेल्या कौन्सिलची गाडी कचरा उचलणार, आपल्याच हद्दीतल्या भट्टीपर्यंत नेणार, पण तो जाळायचा की नाही हे ठरवणार दुसरंच सभागृह. बहुमत २४ चं असो की ३४ चं, त्या भट्टीपुरता त्याचा उपयोग नाही.

खड्ड्यांचंही तसंच. घरासमोरच्या रस्त्यावर खड्डा पडला म्हणून डिस्ट्रिक्टला लिहिलं तर उत्तर येतं की रस्ते आमच्याकडे नाहीत, काउंटीला कळवा. प्रचाराच्या पत्रकांवर मात्र खड्ड्यांचे फोटो दोन्ही निवडणुकांत असतात. मतदारांचा गोंधळ इथूनच सुरू होतो आणि त्याबद्दल मतदाराला दोष देता येत नाही.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पत्ता. मिड सफोक कौन्सिलचं मुख्यालय पूर्वी नीडम मार्केटला होतं. २०१७ साली ते इप्सविचमधल्या एंडेव्हर हाउस या इमारतीत हलवलं. इप्सविच मिड सफोकच्या हद्दीत येत नाही. आणि एंडेव्हर हाउस म्हणजे सफोक काउंटी कौन्सिलचं स्वतःचं मुख्यालय! शेजारची बाबर्ग डिस्ट्रिक्ट कौन्सिलही त्याच इमारतीत गेली. मिड सफोक आणि बाबर्ग यांचे मुख्य अधिकारी आणि कर्मचारीही एकच आहेत, सभागृहं फक्त वेगळी. एका छपराखाली तीन कौन्सिलं आल्यावर बाहेरच्या माणसाने कुणाला काय विचारायचं?

पैशाचा कागद मात्र खोटं बोलत नाही. दरवर्षी एप्रिलच्या सुमारास घरोघरी कौन्सिल टॅक्सचं बिल येतं. आपल्या घरपट्टीसारखंच, फक्त रक्कम बरीच मोठी. बिलावर सगळ्यात वर नाव असतं डिस्ट्रिक्टचं, कारण वसुली तिच्याकडे. त्याखालच्या ओळी नीट वाचल्या तर दिसतं की सगळ्यात मोठा वाटा काउंटीचा, त्यानंतर पोलीस दलाचा, आणि ज्या डिस्ट्रिक्टच्या नावाने बिल आलं तिचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शेवटी पॅरिशची छोटीशी ओळ. बिल कुणाच्या नावाने येतं आणि पैसा कुणाकडे जातो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर निकालाचं वजनही नीट कळतं.

मग मिड सफोकचा निकाल किरकोळ होता का? अजिबात नाही. इंग्लंडच्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त पोटतिडकीने बोलायला लावणारा विषय कुठला, तर गावाबाहेरच्या शेतात उभी राहणारी नवी घरं. किती घरं, कुठल्या शेतात, सांडपाणी कुठे सोडणार, शाळेत जागा आहे का, डॉक्टर मिळेल का. परवानगी देणारी समिती डिस्ट्रिक्टची. शाळा आणि रस्ते काउंटीचे, तिचं म्हणणं विचारात घेतलं जातं, पण सही डिस्ट्रिक्टची. गावाचं रूप बदलण्याची किंवा राखण्याची खरी ताकद त्या ३४ माणसांच्या सभागृहात आहे. त्यालाही मर्यादा आहेत. नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत उच्च दाबाच्या वीजवाहिनीचे मनोरे याच भागातून नेण्याची नॅशनल ग्रिडची योजना आली तेव्हा गावागावांतून विरोध झाला, पण तिचा निर्णय डिस्ट्रिक्टच्या हाती नाही आणि काउंटीच्याही नाही. तो लंडनमधल्या मंत्र्याचा.

छोटा पक्ष डिस्ट्रिक्टमध्ये आधी का जिंकतो याचं कारणही या दोन सभागृहांच्या मापात दडलेलं आहे. डिस्ट्रिक्टच्या वॉर्डात एका सदस्यामागे साधारण ३ हजार माणसं. सफोक काउंटीत २०२१ मध्ये ७५ सदस्य निवडून आले, म्हणजे एकामागे १० हजारांच्या वर. ३ हजार माणसं म्हणजे तेरा-चौदाशे घरं. एखादा उमेदवार नेटाने वर्षभर फिरला तर प्रत्येक दार स्वतः वाजवू शकतो, गटाराची तक्रार लक्षात ठेवू शकतो, पुन्हा येऊन सांगू शकतो की काम झालं. ग्रीन पार्टीचा विजय एका रात्रीत आलेला नव्हता. २०१९ मध्येच तिच्या १२ जागा आल्या होत्या आणि हुजूर पक्ष १६ वर, म्हणजे बहुमताच्या १८ या आकड्यापासून दोनच पावलं अलीकडे अडकला होता. सत्ता तरीही हुजूर पक्षाने चालवली. चार वर्षांनी देशभरच त्या पक्षाविरुद्ध हवा होती, इंग्लंडभर त्याच्या हजारावर जागा गेल्या. जिथे दारोदार ओळख आधीच तयार होती तिथे तो राग ग्रीन उमेदवारांकडे वळला.

आणखी एक बारकावा. 'ग्रीन पार्टीची पहिली कौन्सिल' असं काही ठिकाणी म्हटलं गेलं, ते बरोबर नाही. ब्रायटन अँड होव्हमध्ये २०११ साली ५४ पैकी २३ जागांवर तिने अल्पमतातली सत्ता चालवली होती. पहिलं होतं ते बहुमत. बहुमताशिवाय सत्ता चालवणं तिथे अगदी नेहमीचं. त्याच मे २०२३ मध्ये शेजारच्या ईस्ट सफोकमध्ये ग्रीन पार्टी सगळ्यात मोठा पक्ष ठरली, पण ५५ पैकी १६ जागा घेऊन, म्हणून तिला लिबरल डेमोक्रॅट आणि अपक्षांबरोबर मोट बांधावी लागली. जागांच्या टक्क्यांवरून मतांचा अंदाज बांधण्याचीही चूक करू नये. पद्धत आपल्यासारखीच आहे, जास्त मतं मिळवणारा जिंकतो. ३४ पैकी २४ म्हणजे सत्तर टक्के जागा, मतं त्याहून बरीच कमी होती.

तारखांचा घोळ तर आपल्या वाचकाला विशेष खटकतो. आपल्याकडे मतदार झेडपीच्या गटासाठी आणि पंचायत समितीच्या गणासाठी एकाच दिवशी, एकाच केंद्रावर दोन मतं देतो. एका गटात दोन गण, हिशेब सरळ. इंग्लंडमध्ये डिस्ट्रिक्टचे वॉर्ड वेगळे आणि काउंटीच्या डिव्हिजन वेगळ्या, सीमा एकमेकींना छेदतात, आणि वर्षंही निराळी. मिड सफोकची निवडणूक २०१९ आणि २०२३ मध्ये झाली. सफोक काउंटीची २०२१ मध्ये, तेव्हा हुजूर पक्षाला ७५ पैकी ५५ जागा मिळाल्या आणि ग्रीन पार्टीला ९. पुढची २०२५ मध्ये व्हायची होती, ती सरकारने पुढे ढकलली, कारण ही दोन मजली रचनाच मोडायचं ठरलं. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनुसार काउंटी आणि डिस्ट्रिक्ट दोन्ही बरखास्त करून सगळी कामं एकाच प्रकारच्या कौन्सिलकडे द्यायची आहेत. सफोकमध्ये त्यावरही दोन तट पडले: काउंटीचं म्हणणं की अख्ख्या सफोकची एक कौन्सिल करा, पाचही डिस्ट्रिक्ट-बरोंचं म्हणणं की तीन करा. मला स्वतःला तीनचा आग्रह समजतो. साडेसात लाखांसाठी एकच सभागृह झालं तर एका उमेदवाराने प्रत्येक दार वाजवणं संपलं.

संसदेचे मतदारसंघ ही आणखी तिसरीच आखणी. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून ग्रीन पार्टीचे एड्रियन रॅम्से खासदार झाले, त्यात मिड सफोकचा उत्तरेकडचा भाग आहे. पण स्टोमार्केट ज्या मतदारसंघात आहे तो मजूर पक्षाने जिंकला, आणि दक्षिणेकडचा भाग ज्यात जातो तो हुजूर पक्षाने राखला. एका डिस्ट्रिक्टचे तीन तुकडे आणि निवडून आले तीन पक्षांचे तीन खासदार. त्यामुळे 'मिड सफोक ग्रीन आहे' हे वाक्य फक्त डिस्ट्रिक्ट कौन्सिलपुरतंच खरं धरायचं.

नोकरीनिमित्त इंग्लंडच्या अशा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती अनेकांना माहीतच नसते. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर तिथे राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या भारतीय नागरिकाला या निवडणुकांत मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्ट असायला हवा अशी अट नाही. फक्त यादीत नाव नोंदवावं लागतं, आणि ते काम डिस्ट्रिक्टचं. मे २०२३ पासून केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं. मशीन नसतं, कागदाच्या मतपत्रिकेवर बांधून ठेवलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. काही वॉर्डांतून दोन सदस्य निवडायचे असतात, तिथे दोन फुल्या मारता येतात. मतदानाआधी टपालाने जे पोल कार्ड येतं त्यावर निवडणूक कुठल्या कौन्सिलची आहे ते छापलेलं असतं. डिस्ट्रिक्टची असेल तर दारात आलेल्या उमेदवाराला घरं आणि कचरा विचारा, काउंटीची असेल तर रस्ता आणि शाळा.