काइटसर्फिंगमधला झटका आणि विजेचा धोका

मोठा पतंग हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, अडकवून त्याच्या ओढीवर फळीवरून पाण्यावर पळायचं म्हणजे काइटसर्फिंग. त्यात कधीकधी बारमधून (पतंग वळवायचा हातातला दांडा) किंवा लाइन्समधून (पतंगाच्या दोऱ्या) बारीक झटके बसतात. हे झटके आणि प्रत्यक्ष अंगावर वीज पडणं या तशा वेगळ्या गोष्टी, पण झटका ही विजेची आगाऊ सूचना असू शकते म्हणून दोन्ही एकत्रच घेतल्यात.

झटका येतो कुठून, यावर दोन मतं आहेत. एक घर्षणाचं, कोरडा वारा आणि उडती वाळू पतंगाच्या कापडावर घासते आणि चार्ज साठतो, थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं तसंच. दुसरं मत हवेतल्या विद्युतक्षेत्राचं. अगदी निरभ्र दिवशीही जमिनीलगत दर मीटरला साधारण १०० व्होल्टचा फरक असतो, आणि लाइन्स धरा २०-२५ मीटर, म्हणजे हिशेबाने पतंगापाशी दोन-अडीच हजार व्होल्ट झाले की! पण घाबरायचं कारण नाही, हवेतून करंट इतका नगण्य येतो की कळतही नाही. गडगडाटी ढगाखाली मात्र हाच आकडा दर मीटरला कित्येक हजारांवर जातो. त्यात जमिनीवर झाडांच्या शेंड्यांतून, गवताच्या पात्यांतून चार्ज निसटत राहतो आणि क्षेत्र जरा आटोक्यात राहतं, समुद्रावर ती सोय नाही, त्यामुळे तिथे ते आणखी वाढू शकतं. कोरड्या वाळूवर पतंग धरून उभ्या असलेल्या मदतनिसाला चटका बसला तर पहिलं मत चालेल, पण क्षितिजावर काळं दिसतंय आणि बार झिणझिणतोय तर दुसरंच जास्त पटतं.

लाइन्स डायनीमाच्या, म्हणजे एक प्रकारच्या पॉलिथिलीनच्या. कोरड्या असताना त्या वीज वाहत नाहीत, खाऱ्या पाण्याने भिजल्या की वाहतात, आणि या खेळात त्या भिजणारच.

इथे अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनचं नाव निघतंच. १७५२ चा त्याचा पतंग प्रयोग, म्हणजे वादळात पतंग उडवून ढगातली वीज दोरीने खाली आणायचा, त्याने खरंच केला का, यावरही वाद आहे, कारण तपशीलवार हकीकत १७६७ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ प्रीस्टलीने छापली. प्रयोग झाला असावा असं मानायला हरकत नाही, पण पतंगावर वीज पडली हे चित्रातलं खोटं, तसं झालं असतं तर फ्रँकलिन वाचता ना. दोरी भिजली, तंतू ताठ उभे राहिले, दोरीला बांधलेल्या किल्लीतून ठिणगी आली, एवढंच. फ्रान्समध्ये द रोमाने १७५३ मध्ये दोरीत तारच गुंफली आणि मोठाल्या ठिणग्या काढल्या. त्याच साली सेंट पीटर्सबर्गला रिचमन नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना मेला, अर्थात तिथे पतंग नव्हता, छपरावरचा लोखंडी गज होता.

वीज ढगापासून १०-१५ किलोमीटरवरही पडू शकते, म्हणजे डोक्यावर ऊन असतानाही. चमक आणि गडगडाट यात ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, पतंग उतरवायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जायचं नाही. लाइन्स सूं-सूं वाजायला लागल्या किंवा केस उभे राहिले तर नीट लँड करत बसायला वेळ नसतो, क्विक रिलीज (पतंग झटक्यात सुटा करायची कळ) ओढून पतंग सोडून द्यायचा. वादळापुढे धावणारा वाराही भयंकर, एका झोतात माणूस उचलून किनाऱ्यावर आपटतो.

गोव्यात मोरजी-आश्वेला हा खेळ चालतो तो मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दुपारनंतर घाटाकडे बांधले जातात, तेव्हा समुद्राकडे तोंड करून वारा बघणाऱ्याच्या ते पाठीशी असतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप जवळपासच्या विजा दाखवतं, पण फोन किनाऱ्यावरच्या बॅगेत राहतो.