नागनदी पुनरुज्जीवन आणि नदीकाठ विकास (नागपूर)

नागनदी पुनरुज्जीवन म्हणजे नागपूरच्या मधून वाहणाऱ्या नागनदीत जाणारं सांडपाणी थांबवायचं, पात्र मोकळं करायचं आणि मग काठावर बागा, चालायचे रस्ते, झाडं, बसायच्या जागा करायच्या. पेपरात आणि भाषणात हे सगळं एकाच नावाखाली येतं पण कामं दोन आहेत, एक जमिनीखालच्या पाइपांचं आणि दुसरं डोळ्याला दिसणारं. पहिलं झाल्याशिवाय दुसऱ्याला काही अर्थ नाही, आणि नागपूरच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे.

नदी शहराच्या पश्चिमेला वाडीजवळच्या लाव्हा भागातल्या उंचवट्यावरून येते, अंबाझरी तलावात साठते आणि तलावाच्या सांडव्यापासून शहरात शिरते. पुढे अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, रामदासपेठ, पंचशील चौक, सीताबर्डी, मोक्षधाम घाट, अशोक चौक, जगनाडे चौक, नंदनवन, हिवरीनगर असं करत पारडी-भरतवाड्याकडे जाते. शहरातली लांबी साधारण 17 किमी. पावनगावच्या बाजूला गोरेवाड्याकडून आलेली पिवळी नदी तिला मिळते, मग ती कन्हानमध्ये जाते आणि कन्हान वैनगंगेत. रोज हजारो लोक तिच्यावरच्या पुलांवरून ये-जा करतात, आणि बरेचसे तिला नालाच म्हणतात.

शहराचं नाव हिच्यावरून पडलं असं मानतात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास इथली छोटी गावं जोडून शहर वसवलं, त्याच्यानंतर चांद सुलतानने राजधानी इथे आणली आणि नाग ओढ्याला बांध घालून जुम्मा तलाव केला, जो आज गांधीसागर किंवा शुक्रवारी तलाव म्हणून आहे. भोसल्यांनी बागा आणि तलावांची परंपरा वाढवली, अंबाझरी मात्र त्यांचं राज्य गेल्यावर, इंग्रजांच्या काळात, 1870 च्या सुमारास झाला. म्हणजे पाणी अडवणं, साठवणं आणि त्याच्या काठी बाग करणं हे नागपूरला बाहेरून शिकायची गरज नाही. बिघडलं ते पुढे, वस्ती वाढत गेली आणि गडरलाईन म्हणजे सांडपाण्याचे पाइप तिच्या मागे पडले, मग जिथे लाईन नाही तिथलं घाण पाणी सरळ जवळच्या नाल्यात आणि नाल्यातून नदीत.

आता मुख्य अडचण, जी योजनेच्या चित्रांत दिसत नाही. नागनदी ही मुळात पावसाळी नदी आहे, उन्हाळ्यात अंबाझरीचा सांडवा कोरडा असतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पुलावरून जे वाहताना दिसतं ते जवळपास सगळं शहराचं सांडपाणी असतं. ते पूर्ण वळवलं तर नदी स्वच्छ होईल पण पात्रात उरणार काय? दगड आणि वाळू. भांडेवाडीला 130 आणि 200 एमएलडीचे (एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर) सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहेत आणि तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिलं जातं, ही चांगलीच गोष्ट आहे, तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचतं. पण भांडेवाडी शहराच्या पूर्व टोकाला आहे. नदीला वरच्या भागात पाणी हवं असेल तर शुद्धीकरणाचे छोटे प्लांट वरच्या अंगाला हवेत आणि त्यांच्या पाण्यातला काही वाटा पक्का ठरवून नदीतच सोडायला हवा. माझ्या मते पूर्ण योजनेतला हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, बागेच्या डिझाइनपेक्षा कितीतरी मोठा.

केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मंजूर झालेला नागनदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्प साधारण 1927 कोटींचा आहे, त्यात जायका या जपानच्या सरकारी संस्थेचं कर्ज आहे आणि खर्च केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्यात वाटलेला आहे. नवे शुद्धीकरण प्रकल्प, नाले अडवून पाणी लाईनमध्ये वळवणं, पंपिंग स्टेशन, नव्या आणि बदललेल्या सिवर लाईन, हे त्यातलं मुख्य काम. नितीन गडकरींनी नदीत बोटी चालवायची कल्पना बरेचदा मांडली आहे. महापालिका पावसाळ्याआधी पोकलँड लावून गाळ काढते तो भाग वेगळा, ते पुरासाठी आहे, आणि काढलेला गाळ काठावरच राहिला तर पहिल्या मोठ्या पावसात परत आत येतो.

पुराचं विसरून काठाचा विचार करताच येत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत 100 मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडून वाहायला लागला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत झोपेतल्या लोकांच्या अंगावर पाणी आलं, माणसं गेली, मोरभवन बसस्टँडवर बसेस बुडाल्या, पंचशील चौकातला पूल खचला. नंतर सांडव्यासमोरचा विवेकानंद पुतळा, पात्राच्या अगदी कडेची बांधकामं यावर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात याचिका चालली. म्हणून इथे नदीकाठ बाग म्हणजे पाणी आलं तर बुडणारी आणि उतरलं की परत वापरता येणारी जागा असायला हवी, निळ्या रेषेच्या, म्हणजे नकाशावर आखलेल्या पूररेषेच्या, आत काँक्रीट नको, दोन्ही बाजूंना उंच भिंती घालून मधे गटारासारखी वाट तर अजिबात नको. पात्र अरुंद केलं की पाणी तेवढंच राहतं, फक्त जोरात आणि उंच जातं.

अहमदाबादच्या साबरमतीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे सुमारे 11 किमी काठ बांधून काढला, पण पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं आणि वासणा बंधाऱ्याने अडवलं जातं, शिवाय काठावरची हजारो कुटुंबं शहराच्या कडेला पाठवली गेली. सेऊलमध्ये 2003 ते 2005 मध्ये चेओंगेचेऑन ओढ्यावरचा उड्डाणमार्ग पाडून साधारण 6 किमीचा ओढा उघडा केला, त्यातही पाणी पंपाने आणावं लागतं. दोन्हीकडे पाणी कुठून हे आधी ठरलं होतं. नागपूरला नर्मदा नाही, इथे आपलंच शुद्ध केलेलं पाणी आहे.

जागेचंही तसंच. सीताबर्डी-रामदासपेठ भागात नदीच्या भिंतींना लागूनच घरं आणि दुकानं आहेत, तिथे रुंद बाग बसणार नाही, फार तर एका बाजूने पायवाट आणि उतरायला पायऱ्या. पारडी, भरतवाडा, पुनापूरकडे मात्र अजून मोकळी जमीन आहे, तिथे अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर अशी पाणी सोसणारी झाडं लावून रुंद हिरवा पट्टा होऊ शकतो, लॉन आणि शोभेच्या पामपेक्षा हे टिकेल आणि मे महिन्यात सावलीही देईल. काठावरच्या वस्त्यांतल्या लोकांना हलवायचं असेल तर त्यांचं काम, मुलांची शाळा त्याच भागात आहे, त्यामुळे घरंही त्याच भागात मिळायला हवीत.

शहराबाहेरचा हिशोब राहतोच. नागनदीची घाण कन्हानवाटे वैनगंगेत आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाते, आंभोऱ्याला जिथे कन्हान वैनगंगेला मिळते तिथलं खराब पाणी, जलपर्णी, भंडाऱ्याच्या पिण्याच्या पाण्याच्या तक्रारी हे सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे, आणि प्रकल्प पूर्ण झाल्यावर तपासणी तिथल्या पाण्याचीही झाली पाहिजे, फक्त पंचशील चौकातल्या पुलाखालच्या पाण्याची नाही.