वर्गीकरण : अभिलेखागार, ग्रंथालय आणि विज्ञान

वर्गीकरण : कागद, ग्रंथ, वस्तू किंवा सजीव एखाद्या ठरलेल्या तत्त्वानुसार गटांत लावण्याची पद्धत. तत्त्व बदलले की गटही बदलतात. कागद कोणाच्या दप्तरातून आला हे अभिलेखागार पाहते, पुस्तक कशाविषयी आहे हे ग्रंथालय पाहते, आणि एखादा सजीव कोणाच्या वंशातला हे जीवविज्ञान पाहते. कोकण किनाऱ्यावर या तिन्ही रीती शेजारीशेजारी नांदतात. घोटाळा बहुधा एकीचे तत्त्व दुसरीला लावल्यावर होतो.

अभिलेखागाराचा मुख्य नियम फ्रान्समध्ये 1841 च्या परिपत्रकाने घातला गेला. एका कार्यालयाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हा तो नियम. कागद जन्मले त्या कार्यालयाने लावलेला क्रमही मोडायचा नाही, ही त्याची दुसरी बाजू तीन डच अभिलेखपालांच्या 1898 च्या मार्गदर्शिकेने पक्की केली. किनाऱ्यावरचे याचे उत्तम उदाहरण गोव्यात आहे. तिथले अभिलेखागार 1595 पासूनचे असून दियोगो दो कोउतो हा त्याचा पहिला अभिलेखपाल. लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार तिथे ‘मान्सूनची पुस्तके’ या नावाच्या खंडांत बांधलेला आहे. जहाजे वाऱ्याच्या हंगामाने ये-जा करत, आणि टपालही त्याच हंगामाने बांधले जाई. आज कोणी तो पत्रव्यवहार विषयवार लावला, तर कोणत्या पत्राला उत्तर देताना कोणत्या पत्राची माहिती हाती होती, हे कळण्याचा मार्गच बंद होईल.

मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, उघडताना हेच जपावे लागते. गाठ सोडण्यापूर्वी रुमालावरची चिठ्ठी आहे तशी उतरवून घ्यावी. धूळ मऊ कुंचल्याने आतून कडेकडे झाडावी आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीने, कोपऱ्यात, सापडलेल्या क्रमानेच आकडा घालावा. यादी नंतर करावी, तीही वरून खाली : आधी दप्तर, मग त्यातली मालिका, मग पुडके, शेवटी सुटा कागद. नवशिका नेमका उलटा जातो. मिठागरांविषयीची चार पत्रे दिसली की ‘मीठ’ असे पुडके बांधतो. मग ती पत्रे बंदराच्या जकातीच्या हिशेबातली होती की खोताच्या तक्रारीला जोडलेली, ते सांगायला काही उरत नाही. विषयाची सूची हवीच, पण ती वेगळ्या वहीत किंवा संगणकावर करावी. त्यासाठी कागद हलवू नये.

तारखेचा सापळा याहून बारीक आहे. मराठेशाहीच्या कागदांत बहुधा सुहूर सन, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहिलेली कालगणना, असतो आणि त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरताना सुरू होते. ‘इहिदे सबैन मया अलफ’ (एक, सत्तर, शंभर, हजार) म्हणजे 1171. त्यात 599 मिळवून ते 1770-71 येते. पानांची इसवी सनानुसार थप्पी लावली, तर पेरणीपासून वसुलीपर्यंतचे एकच शेतीवर्ष डिसेंबरअखेर दुभंगते आणि हिशेब जुळेनासा होतो.

चालू सरकारी दप्तराचे वर्गीकरण निराळ्याच हेतूने होते : कागद किती वर्षे ठेवायचा. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ 1 वर्ष. प्रकरण बंद करतानाच वर्ग लिहायचा असतो. ते राहिले, तर पुढे अभिलेख कक्षात नुसत्या विषयाच्या ओळीवरून वर्ग पडतो आणि आतला मूळ नकाशा ‘क’ वर्गात पडून 10 वर्षांनी नष्ट होतो.

ग्रंथालयाला मूळ क्रम जपण्याची सक्ती नाही. पुस्तकाच्या प्रती अनेक असतात, त्यामुळे ते वाचकाच्या सोयीने लावता येते. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, तर पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारी मेल्विल ड्यूईची दशांश पद्धत 1876 ची. म्हणजे या किनाऱ्यावर पुस्तके त्या पद्धतीच्या आधीपासून लावली जात होती. ड्यूईत मराठी साहित्य 891.46 मध्ये येते. मासळीची मात्र फाटाफूट होते. बोंबलाचे शरीर 597 मध्ये, तो पकडण्याचा धंदा 639.2 मध्ये, सुकवण्याचे तंत्र 664.94 मध्ये आणि कालवण 641.692 मध्ये. ज्ञानशाखा आधी आणि वस्तू नंतर, असा या पद्धतीचा स्वभाव असल्याने हे टळत नाही. विषयसूचीत ‘बोंबील’ या एका शब्दाखाली चारही क्रमांक देणे एवढाच उपाय. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी 1933 मध्ये मांडलेली द्विबिंदू पद्धत विषयाचे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल असे पैलू पाडते आणि ते चिन्हांनी जोडते. ‘रायगड किनाऱ्यावर बोंबील वाळवणे’ यासारखा मिश्र विषय तिच्यात नेटका बसतो, पण क्रमांक लांबतो आणि लहान वाचनालयात तो पुस्तकाच्या कण्यावर मावत नाही.

फळीवर होणारी चूक साधीच असते. 639.12 हे 639.2 च्या आधी येते, पण टिंबानंतरचा आकडा पूर्णांकासारखा वाचणारा मदतनीस ते मागे सारतो, आणि असे सरकलेले पुस्तक हरवल्यातच जमा. पावसाळ्यातल्या दमट हवेत डिंकाने लावलेल्या चिठ्ठ्याही सुटतात. म्हणून वर्गांक शीर्षकपृष्ठाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावा आणि दाखलवहीतही चढवावा.

विज्ञानात प्राण्यांच्या नावांचा आरंभ स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ग्रंथाच्या 1758 च्या दहाव्या आवृत्तीपासून आणि वनस्पतींचा 1753 पासून धरतात. जाती, वंश, कुल, गण, वर्ग ही चढती उतरंड आज समान पूर्वजांच्या आधारे रचली जाते. दिसण्यातले साम्य फसवे ठरू शकते. मासळीबाजारात हलव्याला काळा पापलेट म्हणणारे आहेत आणि दोन्ही मासे चपटेच. तरी हलव्याच्या शेपटीच्या देठावर बोटाला खरखरीत लागणारे खवले असतात आणि तो कॅरँजिडी कुलात जातो. पापलेटाचे कुल स्ट्रोमॅटिडी. उलट ‘चोर बोंबील’ हे कोळ्यांनी दिलेले नाव शास्त्राशी जुळते : तो आणि बोंबील खरोखरच एका कुलातले, सिनोडोंटिडी. बाजारी नाव केवळ सोयीचे असते असे समजणाऱ्याने ही जोडी पाहावी. मात्र सुरमई म्हणून स्कॉम्बेरोमोरस वंशाच्या एकाहून अधिक जाती विकल्या जातात. त्यांतल्या मोठ्या जातीच्या अंगावर उभे पट्टे असतात, लहान जातीवर ठिपक्यांच्या रांगा. बंदरावरच्या नोंदीत दोन्ही एकाच रकान्यात पडल्या, तर लहान जातीचे पूर्ण वाढलेले मासे मोठीची पिल्ले समजले जातात आणि पिल्लांच्या मासेमारीचा अंदाज चुकतो.

कुलेही स्थिर राहत नाहीत. खाडीतले तिवर हे खारफुटीचे झाड थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (1901-08) साग-निर्गुडीसोबत व्हर्बिनेसी कुलात आहे. आता साग आणि निर्गुडी तुळशीच्या कुलात गेली, तर तिवर अडुळसा-कोरांटीच्या अ‍ॅकँथेसी कुलात. जुन्या वनस्पतिसंग्रहात बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कुलक्रमाने लावलेली, वाळवलेल्या वनस्पतींची हजारो पत्रके प्रत्येक बदलाला हलवणे परवडत नाही. पत्रके जागेवर ठेवून सूचीत नवे कुल लिहिणे हाच व्यवहार्य तोडगा. नाव बदलले तर जुनी चिठ्ठी कधी काढू नये, नवी तिच्या शेजारी चिकटवावी.

वर्गाचे वजन सर्वांत जास्त जाणवते ते महसुली कागदात. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेली असेल, तर परवानगीवाचून हस्तांतर होत नाही. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य क्षेत्र पोटखराबा म्हणून वेगळे दाखवतात आणि सड्यावरचा, म्हणजे उंच सपाट पठारावरचा, कातळ सहसा त्यातच मोडतो. आकारणीपुरते ते बरोबरच आहे, कारण तिथे भात पिकत नाही. पण त्याच कातळावर पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी फुलते, जी कोकणाबाहेर मिळत नाही, आणि त्याच कातळावरची कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. सातबाऱ्यात या दोहोंसाठी रकाना नाही. म्हणून सड्याची पाहणी करताना खराब्याचे गट वगळू नयेत. गाव नकाशावर आधी तेच खुणावून घ्यावेत.