अतिसंवाहक क्यूबिटचा नियंत्रण व मापन संच : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

क्यूबिटला मायक्रोवेव्ह पल्स पाठवणारा आणि त्याच्याकडून परत येणारा सिग्नल मोजणारा आमचा संच प्रयोगशाळेत प्रत्यक्ष जोडणाऱ्या संशोधकांसाठी व तंत्रज्ञांसाठी हे पत्रक आहे. क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीचा मूलभूत घटक) नीट चालेनासा झाला की पहिला संशय चिपवर घेतला जातो. आमच्या मते तो आधी खोलीच्या तापमानाला असलेल्या उपकरणांवर घ्यायला हवा.

ट्रान्समॉन या प्रकारच्या अतिसंवाहक क्यूबिटची वारंवारता साधारण ५ गीगाहर्ट्झ असते. तिच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानात सांगायची तर सुमारे ०.२४ केल्विन भरते, म्हणूनच चिप १० ते २० मिलिकेल्विनला ठेवावी लागते. मात्र ३०० केल्विनच्या खोलीतून उतरणारी केबल सुमारे १,२५० फोटॉनइतका औष्णिक नॉइज बरोबर आणते. तो रोखण्यासाठी क्रायोस्टॅटच्या (चिप थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या) वेगवेगळ्या थंड टप्प्यांवर मिळून सिग्नल क्षीण करणारे साधारण ६० डेसिबलचे अ‍ॅटेन्युएटर बसवतात, म्हणजे वरून सोडलेल्या शक्तीचा दहा लाखावा भागच खाली पोहोचतो. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते : अ‍ॅटेन्युएटर पल्स आणि तिच्यात मिसळलेला उपकरणाचा दोष दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी करतो, त्यामुळे संचातून बाहेर पडतानाच जो दोष मिसळला, तो पुढे कोठेही गाळला जात नाही.

उदाहरण घेऊ. क्यूबिट ५.००० गीगाहर्ट्झला आहे आणि त्याचे पुढचे संक्रमण (दुसऱ्या ऊर्जापातळीवरून तिसरीवर जाणे) २५० मेगाहर्ट्झ खाली, ४.७५० ला आहे. लोकल ऑसिलेटर (स्थिर वारंवारतेचा सिग्नल देणारा स्रोत) ४.८७५ ला ठेवून १२५ मेगाहर्ट्झची पल्स मिक्सरमध्ये (दोन्ही वारंवारता एकत्र करणाऱ्या भागात) दिली, तर हवा असलेला सिग्नल ५.००० ला मिळतो, पण ऑसिलेटरच्या दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर उमटणारी त्याची नको असलेली प्रतिमा नेमकी ४.७५० वर पडते आणि क्यूबिटला तिसऱ्या पातळीवर ढकलू लागते. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर ही बारीक रेघ दिसते; चिपच्या मोजमापात मात्र ती चिपचाच दोष वाटते. ऑसिलेटर ५.१२५ ला नेला की प्रतिमा ५.२५० वर जाते आणि प्रश्न सुटतो. ही प्रतिमा दाबणारे मिक्सरचे संतुलन खोलीच्या तापमानाबरोबर सरकते, म्हणून ते एकदा साधून सोडून देऊ नये.

मापनाच्या बाजूला परत येणारा सिग्नल अतिशय क्षीण असल्याने ४ केल्विनवरील पहिल्या प्रवर्धकाचा नॉइज निर्णायक ठरतो. आमचा संच त्यानंतरचे काम करतो.

या क्षेत्रातील काम आपल्याकडेही उभे राहिले आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ साली पूर्ण झाली, आणि त्याची नियंत्रण व मापन यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने बाजारात मिळणारी उपकरणे व स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड एकत्र जुळवून उभी केली.

जोडणी करताना सर्व उपकरणांना एकाच १० मेगाहर्ट्झ संदर्भ घड्याळाशी बांधावे, कनेक्टर टॉर्क पान्यानेच आवळावेत आणि मोजमापाआधी संच तापून स्थिर होऊ द्यावा. फ्लक्स लाइनवर (क्यूबिटची वारंवारता बदलणारा प्रवाह नेणाऱ्या तारेवर) ५० हर्ट्झची गुणगुण आढळल्यास अर्थिंगचे वेटोळे कोठे तयार झाले आहे ते आधी शोधावे. तरीही अडचण राहिल्यास कळवताना जोडणीचा आराखडा, ऑसिलेटरची वारंवारता आणि संचाच्या आउटपुटचा स्पेक्ट्रम सोबत पाठवावा.